‘इतर’ म्हणजे कोण?

मे महिन्यात पहाटे उठून आमच्या बाया तेंदूपत्त्याला जातात. वाघाच्या जंगलात. घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. पावसाळ्यात धानाची रोवणी, पुढे कापणी, मग तेलंगणात मिरची तोडणी. आणि प्रगणकाने दारात विचारले, “बाई काय करते?” की घरातला पुरुष सांगतो, “काही नाही, घरीच असते.”

या एका वाक्याने ती कामगार उरत नाही.

२०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्यांचे चार मुख्य रकाने होते : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’. चंद्रपूरच्या कोळसा खाणीतला ठेकेदारी मजूर ‘इतर’. गडचिरोलीचा कलेक्टरही ‘इतर’. नाली साफ करणारा ‘इतर’, कॉलेजचा प्राध्यापकही ‘इतर’. घरी सुपं-टोपल्या विणणारा बुरूड घरगुती उद्योगात. तोच ठेकेदाराच्या बांबूतोडीला गेला की ‘इतर’. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळाले तर ‘सीमांतिक’. काम नाही हा दोष व्यवस्थेचा, शिक्का मात्र मजुरावर!

राष्ट्रीय नमुना पाहणी आणखी पुढे जाते. घरकाम करून घरासाठी सरपण आणणारी बाई तिच्या हिशेबात श्रमशक्तीच्या बाहेर. मग मोळी आणताना वाघाने मारलेली बाई काय फिरायला गेली होती?

ही खोड जुनी आहे. इंग्लंडच्या १८८१ च्या जनगणनेने घर सांभाळणाऱ्या बायकांना बिनकामाच्या वर्गात टाकले. इकडे १८९१ मध्ये इंग्रज सरकारने जातींची वर्गवारी ‘परंपरागत धंद्या’वर बेतली. माणूस काय करतो यापेक्षा त्याच्या जातीने काय करायचे हे मोठे ठरले. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. जुन्या तक्त्याने जात लिहून माणसाचे काम झाकले. नवा तक्ता ‘इतर’ लिहून जात झाकतो. दोन्हींत झाकला गेला तो आमचाच माणूस.

आता येणाऱ्या जनगणनेत सर्वांची जात नोंदवली जाणार आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. काही जण म्हणतात, जात आणि काम शेजारी लिहिले तर जात पुन्हा धंद्याला चिकटेल. आम्ही विचारतो, आज ती सुटली आहे का? गटारात कोण उतरतो आणि ठेका कोणाच्या नावावर असतो, हे आकड्यांत आल्याशिवाय तुम्ही सरकारला जाब कशाच्या आधारावर विचारणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. जातवार आकडे कामाच्या नेमक्या नावासह जाहीर करा. ‘इतर’ फोडून दाखवा.

आणि तरुणांनो, मागणी करून घरी बसू नका. प्रगणक येण्याआधी प्रत्येक वस्तीत, प्रत्येक टोल्यावर बैठक घ्या. बायांसोबत बसून वर्षभराची कामे महिनावार लिहून काढा. तेंदू, मोहफूल, रोवणी, मिरची, रोजगार हमी, काहीच सोडू नका. दारात प्रश्न आला की उत्तर बाईनेच द्यावे.

“घरीच असते” हे उत्तर या वेळी एकाही दारातून जाऊ देऊ नका.

जय भीम!