गाडी परत करण्याचा हक्क कोणी गिळला?

मोटारगाडी कर्जाऊ घेणे ही आज बुलडाणा जिल्ह्यात अर्ध्या दिवसाची गोष्ट झाली आहे. चिखली, खामगाव, मलकापूर, मेहकर, कोठेही जा. शोरूममध्ये विक्रेत्याच्या टेबलाला लागूनच फायनान्सवाल्याचे टेबल असते. चार-दोन कागद, पाच-पंचवीस सह्या, आणि 'एमएच २८'ची नवी पाटी रस्त्यावर येते. आत जाण्याचा दरवाजा इतका प्रशस्त असताना बाहेर पडण्याचा दरवाजा मात्र या घराला ठेवलेलाच नाही. गाडी वारंवार बिघडू लागली, दुरुस्तीच्या वाऱ्या करूनही तिच्यावरचा विश्वास उडाला आणि घेणाऱ्याने म्हटले, 'घ्या तुमची गाडी, आणि मला मोकळे करा', तर तेवढ्यावर त्याला मोकळे करील असा कायदा आज या देशात अमलात नाही. असा कायदा संसदेने केला होता. सरकारने तो तेहतीस वर्षे बासनात गुंडाळून ठेवला आणि अखेर पुरून टाकला. ही कथा आपल्या कार्यकर्त्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल.

प्रथम हिशेब पाहू. समजा, मेहकर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने शेगावला दर्शनाला येणाऱ्या भाविकांची ने-आण करण्यासाठी साडेसात लाखांची चारचाकी घेतली. सोयाबीन विकून आलेले दीड लाख त्याने आधी भरले. उरलेले ६ लाख द. सा. द. शे. १२ व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता पडतो १३,३४७ रुपये. दोन वर्षे एकही हप्ता न चुकवता त्याने ३ लाख २० हजार भरले, तरी सुमारे ४ लाख २ हजारांचे मुद्दल शिल्लकच असते. कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्या हप्त्यांपेक्षा मोठा. आता ही गाडी भरवशाची नाही म्हणून त्याला करार संपवायचा आहे. मुदतीआधी कर्ज फेडण्याचा दंड ४ टक्के धरला, तर त्यावरच्या १८ टक्के जीएसटीसह सुमारे १९ हजार होतात. एकूण ४ लाख २१ हजार. बदलौकिक झालेली गाडी बाजारात ३ लाखांना गेली, तर आणखी १ लाख २१ हजार पदरचे घातल्याशिवाय त्याच्या आरसी बुकावरचा बोजा उतरत नाही. म्हणजे पैसे परत करतो म्हणणाऱ्यालाही दंड! सावकारानेही लाजावे असा हा व्यवहार आहे.

तो विक्रेत्याकडे गेला तर विक्रेता त्याला कंपनीचे नाव सांगतो. कंपनी त्याला सर्व्हिस सेंटरकडे पाठवते. फायनान्सवाला म्हणतो, 'आम्ही फक्त पैसे दिले. गाडीशी आमचा संबंध नाही.' ग्राहक आयोग आहे, हे खरे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने निकालाला तीन महिन्यांची, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदतही घातली आहे. परंतु कागदावरची मुदत आणि तारखांची रांग यांतले अंतर ज्याने एकदा तरी तक्रार गुदरली त्याला समजावून सांगायला नको. आणि गाडी दारात उभी असली तरी हप्त्याची तारीख कोणत्याही तारखेसाठी थांबत नाही.

'गाडीशी आमचा संबंध नाही' या वाक्याचा ढोंगीपणा नीट ध्यानात घेतला पाहिजे. २०२० साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भाडेखरेदीच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत पैसे पुरवणाराच गाडीचा मालक असतो आणि हप्ते थकल्यास तो ती ताब्यात घेऊ शकतो. गाडी ओढून नेताना हा गृहस्थ मालक. गाडी बिघडली की मात्र केवळ धनको! मालकीचे सर्व अधिकार आणि जबाबदारी एकही नाही, असे हे भांडवलशाहीच्या करारशास्त्रातील अद्वैत आहे.

हे दुटप्पी वर्तन ओळखूनच १९७२ साली संसदेने भाडेखरेदी कायदा केला. विधी आयोगाने १९६१ मध्ये आपल्या विसाव्या अहवालात या विषयाचा विचार केला होता. या कायद्याने वस्तू विक्रीयोग्य असण्याची अट करारात गृहीत धरली आणि तिचे उत्तरदायित्व भाड्याने देणाऱ्या मालकावर टाकले. मुदतीआधी रक्कम फेडणाऱ्याला दंड तर नाहीच, उलट सूट देऊ केली. आणि कलम १० अन्वये, चौदा दिवसांची लेखी सूचना देऊन वस्तू परत करण्याचा व करार संपवण्याचा हक्क घेणाऱ्याला दिला. थकलेली रक्कम त्याने चुकती करायची; एकूण किमतीच्या निम्म्याहून अधिक भरणा झालेला असेल तर करार मोडल्याबद्दल वेगळे काही देणे नाही, आणि कमी असेल तर फार तर निम्म्यापर्यंतचा फरक द्यायचा. इतके साधे, इतके न्याय्य.

आपल्या मेहकरच्या तरुणाला हे कलम लावून पाहा. आधी भरलेली रक्कम आणि साठ हप्ते मिळून एकूण किंमत ९ लाख ५१ हजार. तिचे निम्मे ४ लाख ७५ हजार. त्याने भरले आहेत ४ लाख ७० हजार. १ लाख २१ हजारांऐवजी तो ५ हजारांत सुटला असता!

पण १९७३ मध्ये अंमलाची तारीख जाहीर झाली, ती पुढे ढकलली गेली आणि शेवटी अधिसूचनाच मागे घेण्यात आली. २००५ साली हा न जन्मलेला कायदा रीतसर रद्द झाला. त्या वेळी दिल्लीतील सरकारला डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा होता. या प्रश्नावर रस्त्यावर एक तरी मोर्चा निघाल्याचे प्रस्तुत लेखकाला आठवत नाही.

ही कल्पना कोणा स्वप्नाळू प्राध्यापकाची नव्हे. ब्रिटनमध्ये १९३८ साली मजूर पक्षाच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी खासगी विधेयकाच्या मार्गाने असाच कायदा करून घेतला. बेकारांच्या जॅरो मोर्चातील, म्हणजे १९३६ च्या लढ्यातील, या बाई. बहुतेक हप्ते भरून झालेले कामगारांच्या घरचे सामान दुकानदार उचलून नेत, ते त्यांनी थांबवले. निम्मी किंमत भरून वस्तू परत करण्याचा हक्क तेथे १९७४ च्या कायद्यातही कायम राहिला. असा हक्क दिला तर कर्जे महागतील, गाड्या मिळेनाशा होतील, असे येथील वित्तकंपन्या सांगतील. ब्रिटनमध्ये बहुतेक खासगी नव्या गाड्या आजही वित्तसाहाय्यानेच घेतल्या जातात. व्याज थोडेफार वाढेलही. पण गाडी परत येण्याचा धोका पत्करावा लागला, म्हणजे पैसे देणारा वाईट गाडीला पैसे देण्याआधी दहादा विचार करील, आणि विक्रेत्याला जाब विचारण्याची जी ताकद एकट्या कर्जदाराजवळ नाही, ती त्याच्याजवळ आहे.

'सही केली ना? मग भोगा,' हा कराराच्या पावित्र्याचा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करून परकीय सरकारनेही न्यायालयांना कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. (आपला वऱ्हाड तेव्हा वेगळ्या कारभाराखाली असल्याने त्याबाहेर राहिला.) आज उलटे आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

मग रिझर्व्ह बँकेने काय केले? जुलै २०२५ मध्ये तिने निर्देश काढून १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या बदलत्या व्याजदराच्या अनेक कर्जांवरील मुदतपूर्व फेडीचा दंड बंद केला. वाहनकर्जे बहुधा स्थिर दराची! तेव्हा शहरातील फ्लॅटवाला सुटला, खेड्यातील गाडीवाला अडकला. आणि गाडी ओढून नेण्याची दहशत कोठवर जाते ते सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागेत दिसले: वसुलीवाले ट्रॅक्टर नेत असताना शेतकऱ्याची गरोदर मुलगी त्याखाली चिरडून मेली. संबंधित कंपनीवर बाहेरचे वसुली दलाल वापरण्यास बंदी घातली गेली. ती चार महिन्यांच्या आत उठली.

कर्जमाफीच्या मागणीपेक्षा ही मागणी लहान वाटेल, पण ती अधिक मुळाशी जाते. १९७२ चे कलम १० पुन्हा आणा, आणि ते भाडेखरेदीपुरते न ठेवता तारणावरच्या वाहनकर्जालाही लावा. नाही तर कंपन्या कराराचे नाव बदलून निसटतील. स्थिर दराच्या कर्जावरचा दंडही काढा. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात वाहनकर्जाच्या करारपत्रांच्या प्रती जमवून फेडीचे कलम तपासण्याचे काम कार्यकर्त्यांनी या हंगामातच हाती घ्यावे. जमवताना कर्जदारांना एवढे सांगावे, की १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य बाबींचे पत्रक, मुदतपूर्व फेडीच्या दंडाच्या आकड्यासह, कर्जदाराला समजेल त्या भाषेत देणे बंधनकारक आहे. मराठीत मिळाले नसेल तर आधी ते मागावे, आणि मागितल्याची पोच घ्यावी.