फ्यूजन नावाची पळवाट

नवी मुंबईतल्या एका परिसंवादात एक ज्येष्ठ समीक्षक म्हणाले, ‘जाझमध्ये जो तो मनाला येईल ते वाजवतो.’ सभागृह हसले. आम्हांला हसू आले नाही. कारण याच वक्त्यांनी अर्ध्या तासापूर्वी ठुमरीतल्या बोलबनावाचे, एकाच ओळीतून आयत्या वेळी निघणाऱ्या अर्थच्छटांचे, भरभरून कौतुक केले होते. तिथे तो प्रतिभेचा उन्मेष, इथे मात्र मनमानी!

उदाहरण एकाच घरातले घेऊ. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू (१९२५–२००४) ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांचा जन्म मुंबईचा, १९५१चा. तबल्याची तालीम घेतलेला हा वादक सत्तरच्या दशकात युरोपात डॉन चेरीसारख्या मुक्त जाझच्या प्रवर्तकाबरोबर वाजवू लागला. १९८४ मध्ये कॉलिन वॉलकॉट अपघातात गेले, तेव्हा ‘ऑरेगॉन’ या चौकडीतली त्यांची जागा गुर्टूंनी घेतली. पुढे ते जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रिकुटात होते.

त्यांची बैठकच पाहा. ड्रमवादकाच्या स्टुलाऐवजी जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यांवर. भोवती ड्रम, तबला, झांजा, आणि शेजारी पाण्याची बादली. निनादणारी धातूची तबकडी ते पाण्यात बुडवतात आणि तिचा नाद घसरत खाली येतो. आघाताच्या वाद्यातून काढलेली ही मींडच नव्हे काय? आमच्या समीक्षेला ती ऐकू येत नाही, कारण तिचा कान गळ्याला बांधलेला. वामनराव देशपांडे यांच्या मान्यवर ग्रंथाचे नावच ‘घरंदाज गायकी’. तालवादक तिथे साथीदार. त्याला स्वतःचे म्हणणे असू शकते, हे आपण नाइलाजाने कबूल करतो.

फ्यूजनच्या नावाखाली पुष्कळ उथळ माल खपतो, हे आम्हांलाही मान्य. गुर्टूंच्या सगळ्याच ध्वनिमुद्रिका सारख्या तोलाच्या आहेत असेही नाही. पण वाईट कविता निघतात म्हणून कोणी मुक्तछंदच मोडीत काढत नाही. १९८८च्या ‘उस्फ्रेट’मध्ये आईचा गळा आणि मुलाचे ड्रम एकत्र आहेत. तिथे उपज कुठे संपते आणि मनमानी कुठे सुरू होते, ते दाखवून द्यावे.

त्या समीक्षकांना आम्ही ती ध्वनिमुद्रिका ऐकायला दिली आहे. अद्याप ती परत आलेली नाही.