रात्रपाळी आणि टॉलस्टॉय



महाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी मारून पोलादपूरची गाडी पकडणारे आपले काही पोरगे टॉलस्टॉयची 'युद्ध आणि शांती' घेऊन बसलेत. हजारावर पानं. पहिल्याच पानावर पीटर्सबर्गचा दिवाणखाना, सरदार-उमराव, एकेकाला तीन-तीन नावं. दहा पानांत डोळे मिटतात. मग म्हणतात, "आपल्या डोक्यात काय घुसत नाय."

साफ खोटं! डोकं जड नाही, पाळी जड आहे. रातभर रिअ‍ॅक्टरपुढं उभा राहिलेला माणूस आणि आरामखुर्चीतला पांढरपेशा यांचं वाचन एकाच तराजूत तोलणारा समीक्षक आमच्या लेखी भामटा आहे. खुद्द टॉलस्टॉयनं १८७३ च्या आवृत्तीत फ्रेंच संवाद काढून रशियन घातले, इतिहासावरची प्रवचनं मागं परिशिष्टात ढकलली. लेखकालाच कात्री लावावीशी वाटली, तिथं तुम्ही का लाजता?

म्हणून पुस्तक फेकायचं? नाही. १८१२ साली नेपोलियन चालून येतो तेव्हा बोगुचारोवोचे भूदास मालकिणीला घोडे देत नाहीत, वाट अडवतात. रोस्तोव नावाचा लष्करी अधिकारी येतो, हात उगारतो, म्होरक्यांना बांधतो. बंड खलास! आणि मालकीण त्याच्या प्रेमात पडते. पुढं प्लातोन कारातायेव हा शेतकरी शिपाई कैदेत उमराव पिएरला जगणं शिकवतो. आजारानं चालवेना तेव्हा फ्रेंच त्याला गोळी घालतात. गरिबानं मरायचं, श्रीमंतानं शहाणं व्हायचं! आरामखुर्चीवाला ही पानं भराभर उलटील. तिथं थांबून जाब विचारणारा वाचक आपल्यातूनच येणार.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब याच महाडात चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच डिसेंबरात त्यांनी बजावलं, की या पाण्यानं कुणी अमर होणार नाही. आपण माणसं आहोत हे ठणकावायला तळ्यावर जायचं. जाड ग्रंथांचंही तेच. पाणी गोड लागलंच पाहिजे अशी अट हक्काला नसते.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी चौघं मिळून बसा. एकानं मोठ्यानं वाचावं. पात्रांची नावं पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. कंटाळा आला तर लढायांची पानं गाळा, पण बोगुचारोवो गाळू नका. आणि पुस्तक नाहीच आवडलं, तर का नाही ते छातीठोक लिहून पाठवा. आम्ही छापू.

जय भीम!