मान अवघडली म्हणून तेल चोळू नका



या अंकात कुरडयांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. पण ते पुढच्या वेळी. आज एक चूक सांगायची आहे, आणि ती माझी स्वतःचीच आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्याला सर्दी-ताप झाला. वय साडेतीन वर्षे. कपाटात मागच्या खेपेची औषधाची बाटली अर्धी उरली होती. तीच दोन दिवस दिली. ताप उतरला, मीही औषध थांबवलं. चौथ्या दिवशी ताप पुन्हा चढला. सकाळी पाहते तो स्वारी मान एका बाजूला धरून बसलेली. हाक मारली तर मान वळवेना, सगळं अंगच वळवी. सासूबाई म्हणाल्या, "उशीवर मान अवघडली असेल गं." मलाही पटलं. कोमट तेल चोळलं, तर पोर किंचाळलं. मी त्याला सासूबाईंजवळ ठेवून शाळेत माझे दोन तास घेऊन आले. संध्याकाळी वरणभातही गिळेना, लाळ हनुवटीवर ओघळत होती. मला तो हट्ट वाटला! रात्री श्वासाला घरघर लागली, तेव्हा कुठे डोळे उघडले.

आमच्या डॉक्टरांनी नुसतं पाहिलं आणि ह्यांना म्हणाले, "आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या. वाटेत पाणीसुद्धा देऊ नका." भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं, हे त्यामागचं कारण मला नंतर कळलं.

निदान झालं ते असं : घशाच्या मागच्या भिंतीआड गळू. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तशाच बारीक गाठी लहान मुलांच्या घशामागेही असतात. नाक, घसा, कान यांतला जंतुदोष तिथवर पोहोचतो आणि कधी कधी तिथे पू धरतो. पाच-सहा वर्षांनंतर या गाठी आक्रसतात, म्हणून हा आजार जास्त करून लहानग्यांना होतो. पुढेच श्वासाची वाट, म्हणून धोका. पू खाली छातीतही उतरू शकतो.

तिथे आधी श्वास नीट चालला आहे ना, ते पाहिलं. मग मानेचा बाजूने एक्स-रे काढला. मणक्यांपुढची सावली असावी त्यापेक्षा जाड दिसली. पू किती आणि नेमका कुठे, हे सी.टी. स्कॅनवर कळलं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. गळू लहान असेल आणि श्वासाला त्रास नसेल, तर एक-दोन दिवसांत नुसत्या औषधानेही उतार पडतो. आमच्या नशिबी ते नव्हतं. भूल देऊन तोंडातूनच पू काढला. बाहेर टाका नाही की व्रण नाही. आठ दिवसांनी घरी आलो, आणि उरलेलं औषध ठरल्या दिवसापर्यंत दिलं.

असा पू आणखीही ठिकाणी धरतो. टॉन्सिलशेजारी धरला तर, हे थोड्या मोठ्या मुलांत जास्त, तोंड पुरतं उघडत नाही, पडजीभ एका बाजूला सरकते आणि तोंडात गरम घास असल्यासारखा आवाज येतो. खालची दाढ किडली असेल तर हनुवटीखाली आणि जिभेखाली सूज येते. कान फुटल्यावर कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर तेही गंभीर समजा.

तेव्हा ताप असताना पुढचं काहीही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका :

– मान वळवत नाही, वर करत नाही किंवा वाकडी धरतो
– गिळता येत नाही, लाळ गळते
– तोंड उघडत नाही, आवाज बदलला आहे
– मानेवर किंवा जबड्याखाली लाल, गरम, दुखरी सूज आहे
– श्वासाला आवाज येतो किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते

तापात मान ताठ होणं हे मेंदूच्या आवरणाच्या सुजेचंही लक्षण असतं. म्हणजे कसंही असलं तरी डॉक्टर हवेतच. शेवटचं लक्षण दिसलं तर १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठा.

तोवर काय करायचं नाही, तेही ऐका. तेल चोळू नका, शेकू नका, गाठ दाबून पाहू नका. घशात चमचा किंवा बोट घालू नका. बळेबळे आडवं निजवू नका. मूल ज्या स्थितीत बसू पाहील तसंच मांडीवर घेऊन बसा.

आणि दोन सवयी मात्र आजपासून. उरलेल्या अँटिबायोटिकची बाटली ठेवायची नाही, आणि नवी दिली तर ताप उतरला म्हणून मध्येच सोडायची नाही. बाळाच्या लसी वेळेवर द्या. घटसर्पासारखे घशाचे काही भयंकर आजार त्यांनी टळतात.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी मायेनेच सांगितलं. पण ताप आहे आणि मान वळत नाही, या दोन गोष्टी मी एकत्र जोडायला हव्या होत्या. माझा पूर्ण दिवस त्यात गेला. तुमचा जाऊ नये, म्हणून लिहिलं.

पुढच्या अंकात कुरडया, नक्की!