शाळेतलं अंडं आणि आपल्या घरचे नियम



शाळेच्या पालक-गटात जैन आई बहुतेक वेळा कडेला उभी असते. वर्गणी ती सगळ्यांच्या आधी देते, शिक्षकदिनाचा हार तीच आणते, रांगोळीलाही बसते. पण खाण्याचा विषय निघाला की "आमचं चालत नाही हो" म्हणते आणि चपला घालते. दोन-तीनदा असं झालं की बाकीच्या बायका तिला विचारायचंच सोडतात. त्यांचंही काही चुकत नाही. सारखं नाही ऐकायला कोण येईल?

मला हे कडेला उभं राहणं पटत नाही. आणि सध्या तर मुळीच नाही, कारण आता पालकसभेत टेबलावर अंडं आहे.

ज्यांची मुलं खाजगी इंग्रजी शाळेत आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचा पोषण आहार मिळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने त्यात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. त्यावर बरीच ओरड झाली, आणि मग ज्या शाळेत ४० टक्के पालकांचा विरोध असेल तिथे अंडी नकोत, असं ठरलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठी आणि खीर-सत्त्वाच्या साखरेसाठी वेगळे पैसे देणंच थांबवलं. हवं असेल तर शाळेने लोकसहभागातून करावं. म्हणजे मुंबईतला प्रश्न उचलून दापोलीतल्या आयांच्या पदरात टाकला. सरकारने हात झटकले हे मला आवडलेलं नाही, पण तो विषय वेगळा.

आता हे ठरवणार कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्याचं, तरी तिचा शब्द चालतो. इंटरनॅशनल नावाच्या शाळांनाही २०११ च्या शुल्क कायद्याने पालक-शिक्षक संघ करावाच लागतो. तेव्हा "आम्हाला कोण विचारतं?" असं म्हणायची सोय कुठल्याच आईला उरलेली नाही.

आपल्या समाजाच्या गटांत निरोप फिरत असतात की ४० टक्के जमवा, माळकरी घरांना बरोबर घ्या आणि अंडं बंद पाडा. मी त्यावर सही केलेली नाही आणि करणारही नाही. का, ते नीट सांगते, कारण यावरून मला "तू कसली श्राविका?" असंही ऐकावं लागलं आहे.

आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं: स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला अनुमोदन दिलं. मी अंडं उकडणार नाही, कुणाला उकडायला सांगणार नाही, ताटात पाहून वाहवा करणार नाही. माझा रुपया अंड्याच्या खात्यात जाणार असेल तर तो देणार नाही. इथवर माझा नियम अगदी कडक आहे, आणि सभेत मी तो उभी राहून सांगते. पण दुसऱ्याच्या लेकराच्या ताटाला मी आडवी जाणार नाही. कुणी म्हणेल, गप्प राहणं हेही मूक अनुमोदनच. मला तसं वाटत नाही. ज्या मुलाच्या घरी संध्याकाळी हर्णैची मासळी शिजणार आहे, त्याचं दुपारचं अंडं काढून घेतल्याने कुठला जीव वाचला? वाचलं काहीच नाही, आणि ज्याच्या घरी मासळीही रोज परवडत नाही त्याचं मात्र ताट हलकं झालं. अणुव्रत आपण स्वतःहून घेतो. शेजारणीच्या मुलाच्या नावावर ते घेता येत नाही.

मात्र नुसतं "मी आडवी जात नाही" एवढ्यावर थांबलं तर तेही कडेला उभं राहणंच झालं. न खाणाऱ्याला केळं द्यायचं तर ते केळं आणायचं कुणी? आणि अंड्याचे पैसे जमलेच नाहीत तर सगळ्यांनाच काय द्यायचं? इथे आपण पुढे व्हायला हवं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. पंचवीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांत जवळपास तेवढीच मिळतात. अंड्यातलं बी-१२ मात्र शेंगदाण्यात नाही, ते दुधात आहे, त्यामुळे "शेंगदाणा म्हणजेच अंडं" असं छातीठोकपणे सांगत फिरू नये. शेंगदाण्याची चिक्की आणि कपभर दूध म्हटलं तर गोष्ट जमते.

आणि नाचणी तर आपल्या दारातली. इथल्या डोंगरउतारांवर ती पिकते, आपल्या कृषी विद्यापीठाने 'दापोली १' नावाचं तिचं वाण काढलं आहे, आणि तरी आमच्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत पुड्यातले कुरकुरे खातात! सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतात आणि मोड आलेलं धान्य आपल्यात बऱ्याच घरी चालत नाही. म्हणून मी लाडू सुचवले. नाचणी धुऊन, वाळवून, खमंग भाजून दळायची, तुपात परत मंद परतायची, गूळ आणि दाण्याचं कूट घालून वळायचं. साखरेचा प्रश्नच मिटतो. आमच्या गटाच्या खजिनदार ताईंनी वहीत दोन याद्या केल्या आहेत, एक अंड्यांची, दुसरी लाडू, चिक्की आणि केळ्यांची. ज्याला जिथे द्यायचं तिथे त्याने द्यावं. एक मुसलमान वहिनी दोन्हीकडे देतात. भांडण झालं नाही. भांडण होतं ते याद्या एक असल्या की.

हे काही मी नवीन सांगत नाही. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या घरांत कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव निघतं ते अभिमानाने, कारण ते कुंभोजला जैन घरात जन्मलेले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. पण त्या मुलांना जेवू कुणी घातलं? लक्ष्मीबाईंनी. पैसे संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या. शाळेत पोषण आहार हा शब्द यायच्या कितीतरी आधी एका जैन बाईने आपली चूल शाळेला लावली होती. आपण मात्र आपलं जैनत्व कशावरून ओळखू यावं म्हणतो, तर आपण काय खात नाही यावरून. आहारदान आणि ज्ञानदान ही दोन्ही दानं एकाच पत्र्याखाली करायला मिळावीत अशी शाळेसारखी दुसरी जागा तरी कुठे आहे?

आता वेळेचं. डिसेंबरात दापोलीत सहाच्या जरा पुढे सूर्य मावळतो आणि गॅदरिंगचा नाश्ता यायचा साडेसातला. आपली मुलं तोंडाकडे बघत बसायची. मी सभेत एवढंच म्हटलं की नाश्ता साडेपाचला, नाच सुरू व्हायच्या आधी दिला तर? बालवाडीच्या आया माझ्याआधी हो म्हणाल्या, कारण त्यांची पोरं साडेसातला पेंगायची. बटाटेवड्यांबरोबर एक ट्रे कच्च्या केळ्याच्या वड्यांचा ठेवला, कांदा-लसूण न घातलेला. तो आधी संपला. (बटाटा बंद करा असं मी म्हटलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.)

पण आपल्या वेळेसाठी बोलायचं तर दुसरीच्याही वेळेसाठी बोललं पाहिजे. आमच्या पालकसभा दुपारी चारला असायच्या आणि "कोळीवाड्यातून कुणी येतच नाही" अशी तक्रार व्हायची. अहो, हर्णै बंदरावर त्याच सुमाराला मासळीचा लिलाव लागतो. त्या बाईने टोपली सोडून आपल्या गॅदरिंगचे रंग ठरवायला यायचं? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा वर्षातली मोठी सभा जुलैत घ्या आणि बाकीच्या सकाळी शाळा भरताना घ्या, असं मी सुचवलं. मासळी विकणाऱ्या बायकांच्या सोयीसाठी जैन बाई कशी बोलते, याचं काहींना नवल वाटलं. मला त्या नवलाचंच नवल वाटलं. या जुलैत हर्णैहून सात जणी आल्या, पावसात, छत्र्या उलट्या होत होत्या तरी. अंड्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांच्यातल्या एकीचं आहे आणि लाडू वळायला दोघी येणार आहेत. येताना हात धुऊन, मासळीच्या वासाची साडी बदलून येऊ, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही या तर खरं.

भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस मी शाळेच्या स्वयंपाकाला नसेन, एकाशन आणि मंदिर यांतच दिवस जातो. त्याच दिवसांत इथे घरोघरी गणपती आणि शाळेला सुट्टी, त्यामुळे फारसं अडत नाही. उरलेल्या दिवसांचं मी एका वहिनींवर सोपवलं आहे. शेंगदाणे आधीच भाजून डब्यात भरून देते. आणि तुमच्याकडे गुळाच्या चिक्कीचं पावसाळ्यात न चिघळणारं प्रमाण असेल तर कळवा, कोकणातल्या हवेत माझी तिसऱ्या दिवशी चिकट होते.