स्वभावाला औषध नाही म्हणे!

मराठीतल्या एका म्हणीवर आज मला सरळसरळ खटला भरायचा आहे. ती म्हण म्हणजे ‘स्वभावाला औषध नाही’. तुम्ही म्हणाल, बाईंनी जन्मभर म्हणींचे अर्थ लिहून घेतले आणि आता सत्तरी उलटल्यावर म्हणीशीच भांडण? होय, भांडणच! चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. एखादी म्हण कोण वापरतो, कुणासमोर वापरतो आणि कशासाठी वापरतो, याकडे माझा कान असतो. ही म्हण मी जितक्या घरांत ऐकली, तितक्या घरांत ती एकाच कामासाठी वापरलेली पाहिली आहे.

गंमत बघा. तापट माणूस स्वतः ही म्हण फारशी म्हणत नाही. त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी म्हणतं. तो ताट ढकलून उठतो, आणि बायको मुलाला हळूच समजावते, “जाऊ दे रे, त्यांचा स्वभावच तसा आहे. स्वभावाला काही औषध असतं का?” झालं! गृहस्थांची आजन्म रजा मंजूर. अर्जसुद्धा दुसऱ्याच्या हस्ताक्षरात!

या म्हणीला भावंडंही पुष्कळ आहेत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. आणि याच भाषेत दुसरं कुटुंबही सुखाने नांदतं आहे: प्रयत्नांती परमेश्वर, थेंबे थेंबे तळे साचे. आता सांगा, दहावीला बसलेल्या पोराला आपण कोणत्या कुटुंबातली म्हण ऐकवतो? “तुझा स्वभावच आळशी, त्याला औषध नाही, खेळ जा,” असं म्हणणारे आईबाप मी तरी पाहिले नाहीत. प्रयत्नाच्या म्हणी लहानांसाठी आणि न बदलण्याच्या म्हणी मोठ्यांसाठी, अशी आपण सोयीची वाटणी करून ठेवली आहे.

मोठ्यांमध्येही सरसकट सगळ्यांना ही सवलत नाही बरं का. आमच्या पिढीत बऱ्याच घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलत. ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, की त्या संध्याकाळपासून तिने त्या नावाला ‘ओ’ द्यायची. वीस-बावीस वर्षं जे नाव ऐकून मान वळायची, ते एका दिवसात पुसलं! माहेरी आमटीत गूळ, सासरी काळा मसाला. माहेरी सातला उठणं, सासरी पाचला. जेवायचं कधी, हसायचं किती, बोलायचं कुणाशी, सगळं नव्याने. ही उलथापालथ तिने महिना-दोन महिन्यांत करून दाखवायची असे. तेव्हा कुणी म्हणालं का हो, “सूनबाईंचा स्वभावच उशिरा उठण्याचा, त्याला काय औषध?” तिच्या स्वभावाला औषध होतं. त्या औषधाचं नाव नाइलाज!

ते औषध चांगलं होतं असं माझं म्हणणं नाही. मुळीच नाही. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते, की माणूस बदलू शकतो. प्रश्न फक्त एवढाच, की बदलण्याचं काम घरात कुणाच्या वाट्याला टाकलेलं आहे.

आणि एकटादुकटा माणूस कशाला, अख्खा समाज बदलल्याचं आपण पाहिलं आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मागोमाग शेर आणि मण जाऊन किलो आले. पिढ्यान्‌पिढ्या आण्यात हिशेब करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या भाजीवाल्या बायकासुद्धा नवा हिशेब शिकल्या. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. मी तेव्हा पाचवीत होते. ‘नांव’, ‘पांच’, ‘घरांत’ असं पंचवीस-तीस वर्षं लिहिलेल्या आमच्या गुरुजींना ‘नाव’, ‘पाच’, ‘घरात’ असं लिहावं लागलं. फळ्यावर सवयीने टिंब पडायचं, आणि पुढच्याच क्षणी ते अंगठ्याने पुसलं जायचं. सगळा वर्ग हसायचा, गुरुजीही हसायचे. काही महिन्यांनी पुसायला टिंबच उरलं नाही. पन्नाशीतल्या माणसाच्या हाताची सवय मोडते, याचा पहिला धडा मला तिथेच मिळाला.

आजचं उदाहरण हवं असेल तर तुमच्याच घरात बघा. “या वयात आता मी काय बदलणार,” असं म्हणणारे आजोबा बोटाने पडदा सरकवतात, नातवाला व्हिडिओ कॉल लावतात, भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देतात. पंच्याहत्तरीत हे सगळं जमलं. फक्त “चहा झाला का?” ऐवजी “चहा मी करू का?” हे चार शब्द तेवढे जमत नाहीत!

मग स्वभाव म्हणजे असतो तरी काय? मला विचाराल तर आपण ज्याला स्वभाव म्हणतो, त्यातला मोठा भाग नुसती सवय असते. वीज गेलेली असते, ती गेल्याचं आपल्याला पक्कं ठाऊक असतं, तरी खोलीत शिरताना हात बटणाकडे जातोच ना? ज्ञान डोक्यात असतं आणि हाताला त्याचा पत्ताच नसतो. रागाचं, टोमण्याचं, कुढण्याचं, रात्री पडल्या पडल्या त्याच त्या जुन्या अपमानाची उजळणी करण्याचं तसंच आहे. दार उघडलं की हात बटणाकडे.

यावर अमेरिकेत एक झकास प्रयोग झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सिनेमाला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे आणि काहींना चक्क आठवडाभराचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेसुद्धा ताज्याइतकेच संपवले. आवडले म्हणून नव्हे हं! समोर पडदा होता आणि मांडीवर डबा होता म्हणून. मग काहींना सांगितलं, की नेहमीच्या हाताने खायचं नाही, दुसऱ्या हाताने खा. तेव्हा मात्र शिळं खाणं कमी झालं. हात बदलला, आणि आपण काय खातो आहोत हे कळायला लागलं.

कितीतरी घरांत असे शिळे पॉपकॉर्न रोज खाल्ले जातात. माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे. (कोण ते सांगणार नाही. हे वाचून ज्यांना वाटेल की आपल्यावरच लिहिलंय, त्यांनी खुशाल तसं समजावं!) मुलगा मेलबर्नला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. वडील आपल्या खुर्चीत बसून फोन घ्यायचे. हवापाणी झालं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, “मग, घर घेतलंस का नाही अजून?” मुलगा गप्प. वडिलांचा आवाज चढायचा, आणि फोन आईच्या हातात. आठवडाभर घरात धुसफूस, आणि पुढच्या रविवारी येरे माझ्या मागल्या! किती वर्षं? अकरा. अकरा वर्षांत बापलेकांचं पाच मिनिटं धड बोलणं नाही. दोघांनाही एकमेकांची ओढ आहे, हे मी स्वतः जाणते. घरात निष्कर्ष काय? “दोघांचा स्वभाव सारखाच, काय करणार!”

एका रविवारी दोन मिनिटांतच फोन कटला, पुन्हा लागला नाही. त्या आठवड्यात घरात शांतता होती. बाईंच्या ते लक्षात आलं. पुढचे चार रविवार त्यांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपून ठेवलं, की भांडण नेमकं कुठल्या वाक्यानंतर होतं. चारही वेळा एकच वाक्य! त्यांनी उपदेश केला नाही, ते कॅलेंडर यजमानांपुढे ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले म्हणे. मग त्यांचं त्यांनीच ठरवलं, की फोन खुर्चीत बसून घ्यायचा नाही, गॅलरीत उभं राहून घ्यायचा, आणि घराचा विषय ओठांवर आला की विचारायचं, “आज जेवायला काय केलंस?” त्यांचं वय तेव्हा बहात्तर. तिसऱ्या आठवड्यात जुना प्रश्न निसटलाच. पण चौथ्या आठवड्यात पुन्हा गॅलरी. आता मुलगा बापाला पिठल्याचं प्रमाण विचारतो. फार मोठा चमत्कार नाही. पण अकरा वर्षं गेली ती गेलीच, आणि ती ‘स्वभावाने’ नेली, असं म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही.

या गोष्टीत एक मर्म आहे, ते कुठल्याही मराठीच्या शिक्षकाला पटेल. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दीर्घ, हा मराठीचा सर्वसाधारण नियम. ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्याला अपवाद. मुलं हमखास ‘आणी’ लिहितात. वही तपासून लाल शाईने शंभर वेळा दुरुस्त करा, शंभर एकाव्या वेळी पुन्हा ‘आणी’! कारण लाल शाई येते दुसऱ्या दिवशी, तोवर हात आपलं काम करून मोकळा झालेला असतो. माझ्या वर्गात उपाय एकच होता. ‘आणि’ आलं की ‘णि’ काढण्याआधी पेन उचलायचं, मनात ‘ऱ्हस्व’ म्हणायचं, मग वेलांटी द्यायची. सवय मोडायची जागा चूक झाल्यानंतरची नसते, होण्याच्या अर्धा क्षण आधीची असते. आपण घरात करतो काय? भांडण झाल्यावर पश्चात्ताप, माफी, डोळ्यांत पाणी. ती सगळी लाल शाई! पेन उचलायचं मात्र कुणी बोलत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडेही वळते. “फक्त २१ दिवसांत सवय बदला” असे निरोप मोबाइलवर रोज येतात. हा २१ चा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकावरून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ लोकांनी गाळला आणि ‘फक्त’ घातला. एका क्रियाविशेषणाने केवढा घोटाळा! पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. रोज ठरलेल्या वेळी एखादी साधी नवी गोष्ट करायची, एवढंच. ती अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागतील असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. विल्यम जेम्स हे मोठे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १८९० च्या ग्रंथात लिहिलं, की बहुतेकांचा स्वभाव तिशीपर्यंत प्लास्टरसारखा घट्ट होतो, आणि नवी सवय मुरेपर्यंत एकदाही अपवाद होऊ देऊ नका. एवढ्या मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून आपणही तेच धरून बसायचं का? एक दिवस राग आला की आपण लगेच म्हणतो, “बघा, सांगत नव्हतो? स्वभावाला औषध नाही!” अहो, एक पेपर वाईट गेला म्हणून शाळा सोडतं का कुणी?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. घरातलं म्हातारं माणूस एकच प्रश्न दहा वेळा विचारायला लागलं, किंवा कुणी आठवडेच्या आठवडे उदास राहिलं, तर ती सवय समजू नका आणि स्वभावही समजू नका. डॉक्टरांकडे न्या. व्यसनाचंही तेच. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे. तिथे उपचार घेऊन उभी राहिलेली माणसं म्हणजे या म्हणीवरचं चालतंबोलतं उत्तर आहे. या म्हणीने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हेच असेल, की औषध असलेल्या माणसांनाही तिने औषधाविना बसवून ठेवलं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ही म्हण पाठ्यपुस्तकात राहू द्या, घरातून हद्दपार करा. दुसऱ्याच्या वतीने तर मुळीच म्हणू नका. आयांनी आणि सुनांनी तर नाहीच नाही. आणि ज्याला स्वतःसाठी म्हणायची असेल त्याने शुद्ध मराठी बोलावं. ‘मला बदलता येत नाही’ आणि ‘मला बदलायचं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात शक्ती नाही, दुसऱ्यात इच्छा नाही. बदलायचं नसेल तर तसं सांगा, घरातली माणसं आपापलं बघून घेतील. पण निदान क्रियापद तरी बरोबर वापरा!