गाव विचारा, आडनाव कशाला?

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबाला घेऊन नागपूरला जायचे, असे आम्ही ठरवले आहे. आम्ही स्वतः दीक्षाभूमीवर अनेकदा गेलो. पण ते नेहमी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत, कार्यकर्त्यांच्या जथ्याबरोबर, मिळेल तिथे पथारी टाकून. घरच्या माणसांना नागपूर शहर निवांतपणे दाखवणे कधी जमले नाही. चळवळीतल्या माणसाच्या घरात हे असेच होते. सभा-संमेलनांना वेळ असतो, कोर्टाच्या तारखांना वेळ असतो, बायकामुलांना मात्र 'पुढच्या वर्षी' असे सांगितले जाते.

तेव्हा एका रविवारी सगळे एकत्र बसून यादी केली. रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवस आधी खुले होते. त्यामुळे तारीख चुकवायची नाही. आमच्या आईला गुडघ्याचा त्रास, म्हणून तिला खालचा बर्थ. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, ती थेट नागपूर गाठून पुढे गोंदियाला जाते. नागपुरात तीन दिवस. पहिला दिवस दीक्षाभूमीसाठी, दुसरा चिचोलीच्या शांतिवनातील बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू पाहण्यासाठी, तिसरा कामठीच्या ड्रॅगन पॅलेससाठी. सहचारिणीने स्वेटर आणि औषधे लिहून घेतली. सगळे यथासांग चालले होते.

इतक्यात नववीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने विचारले, "बाबा, गाडीत कुणी आडनाव विचारलं तर खरं सांगायचं का?"

आम्ही काही बोलण्याआधी आमची आईच म्हणाली, "कोल्हापूरचं हाय म्हणून सांग की. गाव सांगितलं की झालं. फुडं बोलायचंच न्हाई."

आई सहज बोलून गेली. पण तिने जन्मभर केलेल्या प्रवासाचे सार त्या तीन वाक्यांत होते. एसटीत, दवाखान्यात, बाजारात, आठवडाभराच्या कामावर तिने हेच उत्तर दिले असणार. यादीचा कागद आम्ही बाजूला ठेवला. खरी तयारी अजून व्हायचीच होती, हे आमच्या ध्यानात आले.

परगावी जाताना त्या मुलखाची रीत समजून घ्यावी, हे कुणालाही पटेल. कोल्हापूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे, पण बोलण्या-वागण्यात केवढा फरक! आमच्याकडची बाईमाणसेही 'मी आलो, मी गेलो' असे पुरुषासारखे बोलतात. ते ऐकून विदर्भातला माणूस चकित होतो. आमच्याकडे दोस्तीत दिलेली शिवी ही शिवी मानली जात नाही. उलट नागपुरात दोन मित्र एकमेकांना 'काय बे' म्हणतात, ते कोल्हापूरकराच्या कानाला अपमानासारखे लागते. आमच्याकडे 'काय करालाय?' तर तिकडे 'काय करून राहिले?' आमचा बटाटा तिकडे आलू होतो. आणि तिकडे कुणी 'सांबार आणा' म्हटले, तर इडलीबरोबरचे सांबार शोधू नये. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.

काही वर्षांपूर्वी नागपूरकडचे काही कार्यकर्ते कोल्हापुरात एका शिबिराला आले होते. जेवणाच्या पंगतीत आमच्या एका तरुण सहकाऱ्याने अस्सल कोल्हापुरी आग्रह केला. 'नको' म्हणणाऱ्याच्या ताटात त्याने पांढरा रस्सा ओतला आणि वर लाडाने एक शिवीही हासडली. पाहुणे ताटावरून उठले! पुढे सगळा उलगडा झाला, हसणे झाले, गळाभेट झाली. पण त्या दिवशी आम्ही एक गोष्ट शिकलो. आपल्या मुलखात जे प्रेम असते ते दुसऱ्या मुलखात उद्धटपणा ठरू शकते. म्हणून मुलांना आम्ही बजावले आहे, की नागपुरात 'बे' ऐकून रागवायचे नाही आणि आपली कोल्हापुरी शिवी कोल्हापुरातच ठेवायची. कुणाच्या घरी गेल्यावर त्यांची रीत आधी पाहायची, मग बोलायचे. सावजीचे जेवण तिखट लागले तरी नाक मुरडायचे नाही. आमच्या तांबड्या रश्श्यानेही अनेकांच्या डोळ्यांत पाणी आणले आहे.

येथपर्यंतचे सगळे आनंदाचे आहे. मुलखामुलखांत असा फरक आहे म्हणून तर प्रवासात गोडी आहे. पण एक रीत अशी आहे, की ती कोल्हापुरात आहे, पुण्यात आहे आणि नागपुरातही आहे. प्रदेश बदलला की तिचे शब्द तेवढे बदलतात. ती म्हणजे आडनावाची चौकशी.

आमच्याकडे सुरुवात 'पावणं कुठलं?' अशी होते. त्यात वाईट काही नाही. गाव विचारणे ही माणुसकी आहे. त्यातून ओळखी निघतात, गप्पा सुरू होतात. पण गाव कळल्यावर 'तिथं कुठल्या गल्लीत?' असे विचारले जाते आणि शेवटी 'आडनाव काय म्हणालासा?' हे येतेच. कांबळे म्हटले की आमच्या भागात पुढचे काही विचारावे लागत नाही. विदर्भात मेश्राम, रामटेके, गजभिये म्हटले की तिथल्या माणसाला लगेच उमगते. मोठ्या शहरातले शिकलेले लोक जरा वळसा घेतात. 'तुम्ही व्हेज की नॉनव्हेज?' 'तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?' खोली भाड्याने देणाराही असेच काही विचारतो. एके काळी रेल्वेच्या डब्याच्या दारावर प्रवाशांच्या नावांचा तक्ता चिकटवलेला असे. स्वतःचे नाव शोधून झाल्यावरही शेजारच्या बर्थवाल्यांची आडनावे वाचत उभे राहिलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

हा शिष्टाचार नव्हे, ही तपासणी आहे. शिष्टाचार समोरच्याला मोकळे करतो, तपासणी त्याला आवळून टाकते. उत्तर ऐकल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा बदलत असेल, तर त्याने आपली ओळख नव्हे, आपली पायरी विचारली होती, असे समजावे.

आमची गाडी ज्या लोहमार्गाने जाणार आहे, त्याच मार्गावर याचा सर्वात मोठा पुरावा उभा आहे. कराडच्या पुढे मसूर नावाचे छोटे स्टेशन लागते. सन 1901 मध्ये सुट्टीत वडिलांना भेटायला निघालेले बालक भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले या मसूर स्टेशनावर उतरली. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावी नोकरीला होते. त्या मुलांची तयारी काय कमी होती? वडिलांना पत्र आधीच पाठवले होते. नवे कपडे, भरजरी टोप्या, रेशीमकाठी धोतरे होती. बरोबर भरपूर खाणे होते. पण पत्र वडिलांच्या हाती वेळेत पडले नाही आणि न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. मग विचारले, तुम्ही कोण? लहानग्या भीमरावांनी खरे ते सांगितले आणि मास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले. तेव्हा त्या मुलांनी आपण मुसलमान आहोत असेही सांगून पाहिले. तरीही पाणी मिळाले नाही. जवळ डबा भरलेला असताना केवळ पाण्यावाचून ती मुले उपाशी झोपली.

पुढे मनमाडनंतर चाळीसगाव लागते. 1929 मध्ये बॅरिस्टर आंबेडकर तिथे उतरले. एव्हाना ते परदेशातून पदव्या घेऊन आलेले, सरकारी समितीचे सदस्य होते. पण टांगेवाले त्यांना बसवायला तयार नव्हते. आपल्या वस्तीतल्या लोकांनी साहेबांचा मान राहावा म्हणून टांगा मिळवला आणि हाकायला आपलाच माणूस बसवला. त्याला टांग्याची सवय नव्हती. अपघात झाला आणि बाबासाहेब जखमी झाले. मसूर ते चाळीसगाव हे अंतर रेल्वेला काही तासांचे. बाबासाहेबांच्या आयुष्यात ते 28 वर्षांचे होते. एवढ्या वर्षांत सगळे शिक्षण झाले, प्रश्न मात्र तोच राहिला.

मग बदल होतच नाही काय? होतो, आणि त्याचाही दाखला कोल्हापुरातच आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला मदत केली, 'सत्यसुधारक' हे त्याचे नाव. नुसती मदत करून महाराज थांबले नाहीत. ते स्वतः त्या हॉटेलचा चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजाने रीत बदलली ती फर्मानाने बदललीच, पण कपाला तोंड लावूनही बदलली. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले. कोल्हापूर ते नागपूर हा रस्ता आपल्यासाठी असा जुना आहे.

आता थोडे स्वतःकडेही बघू. काही वर्षांपूर्वी पुण्याला जाताना गाडीत आम्हाला एका कार्यकर्त्याचा फोन आला. तो नेहमीप्रमाणे 'जय भीम साहेब' म्हणाला. समोर चार अनोळखी माणसे बसली होती. आमच्या तोंडून 'नमस्कार, नमस्कार' असे निघाले. कोर्टात मोठमोठ्या आवाजात युक्तिवाद करणारा वकील रेल्वेच्या डब्यात दोन शब्द गिळून बसला. आमची मुलगी तेव्हा शेजारीच होती, लहान होती. आज ती जो प्रश्न विचारते, तो कदाचित ती तिथेच शिकली असेल. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण लिहिणे भाग आहे. आमच्या आईने गाव सांगून वेळ निभावली, कारण तिच्या हाती दुसरे काही नव्हते. आमच्या हाती कायद्याची पदवी होती!

दुसरा दोष चळवळीतला आहे. विदर्भातले काही बांधव समजतात, की पश्चिम महाराष्ट्रातला बौद्ध धम्मात कच्चा. तो जत्रेलाही जातो आणि विहारातही. आमच्याकडचे काही म्हणतात, की नागपूरवाले नुसते घोषणांत पुढे. आणि एकमेकांच्या घरी लग्नाची बोलणी निघाली की हळूच पोटजातीची चौकशी होते. गाडीतल्या अनोळखी माणसाने आडनाव विचारले म्हणून आपण चिडायचे आणि सोयरीक जुळवताना आपणच तेच करायचे, याला काय म्हणावे?

कायदा काय सांगतो, तेही मुलांना ठाऊक असू द्यावे. संविधानाच्या अनुच्छेद 15 (2) नुसार दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीच्या कारणावरून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद 19 ने देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिला. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल, लॉज, धर्मशाळा, तेथील भांडी किंवा सार्वजनिक वाहन वापरण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे आणि त्याला एक ते सहा महिने कैदेची शिक्षा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. ते तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे. आणि बौद्धांना 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या आहेत, हे अनेकांना आजही माहीत नसते. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. पण नुसते आडनाव विचारणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. तेथे कायद्याचे पुस्तक कामी येत नाही, तेथे ताठ मान लागते.

म्हणून यादीचा कागद आम्ही पुन्हा ओढला आणि शेवटी तीन ओळी लिहिल्या. पहिली, गाडीत कुणी गाव विचारले तर आनंदाने सांगायचे आणि त्यांचेही विचारायचे. दुसरी, कुणी आडनाव विचारले तर न लपवता, न चाचरता पूर्ण नाव सांगायचे आणि त्याच सुरात त्यांचेही विचारायचे. चेहरा बदलला तर तो त्यांचा बदलला, आपला नाही. तिसरी ओळ आमच्यासाठी आहे. फोनवर समोरून 'जय भीम' आले, तर उत्तर 'जय भीम' असेच, डब्यात कुणीही बसलेले असो.

मुलीने ती यादी वाचली आणि विचारले, "मसूरला गाडी थांबते का?" आम्ही म्हटले, थांबो न थांबो, स्टेशन जवळ आले की खिडकीशी ये, पाटी दाखवतो. त्यावर आई म्हणाली, "मला बी उठवा. आन् बाटलीत पाणी भरून घ्या रं, गाडीत कुणी मागितलं तर द्याया."

आईने सांगितलेला हा शिष्टाचार कुठल्याही मुलखात चालतो. जय भीम.